शिसपेन्सिलीची नोंद

प्रस्तावना

एफ३९ हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातला, म्हणजे आयसीडी-१० मधला एक कोड आहे. माणसाला मूड डिसऑर्डर आहे, पण नेमका कोणता ते निश्चित केलेलं नाही, एवढंच तो सांगतो. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत मनाच्या आजारासाठी दवाखान्यात आलेल्या अनेकांच्या केस पेपरवर हा कोड असतो, किंवा कोड न घालता नुसतं 'मूड डिसऑर्डर' लिहिलेलं असतं. ओपीडीची रांग बाहेर दारापर्यंत आलेली असते आणि लिहायला दीड-दोन मिनिटं मिळतात, म्हणून तसं लिहिलं जातं. पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर तोच शब्द उतरवून घेतात, तिसऱ्या वेळी गोळ्यांपुढे 'सीटी ऑल' म्हणजे 'तेच चालू ठेवा' एवढंच येतं, आणि पहिल्या दिवशीचा अंदाज वर्षभरात निदान होऊन बसतो. त्याबद्दल वेगळं काही कोणी ठरवलेलं नसतं.

या पुस्तिकेचं सगळं म्हणणं एका वाक्यात मावेल. 'निश्चित नाही' असं लिहिण्यात काही गैर नाही. पण काय निश्चित नाही, का नाही, आणि ते कोण, कधी निश्चित करणार, हे त्याच्या शेजारी लिहिलंच पाहिजे.

आपल्याकडच्या शेतकरी घराला हे सांगायला सातबारा पुरेसा आहे. वारसाची किंवा खरेदीची नोंद फेरफाराला धरली, की मंडळ अधिकारी ती प्रमाणित करेपर्यंत हस्तलिखित सातबाऱ्यावर ती शिसपेन्सिलीने दाखवण्याची पद्धत होती. पेन्सिलीची नोंद खोटी नसे. काम चालू आहे, हरकतीची मुदत संपायची आहे, अमुक अधिकाऱ्याची सही बाकी आहे, हे ती प्रामाणिकपणे सांगे. घोटाळा व्हायचा तो अशी नोंद वर्षानुवर्षं तशीच राहिली आणि तिच्या भरवशावर कर्ज, वाटणी, व्यवहार उभे राहिले म्हणजे. एफ३९ ही वैद्यकातली शिसपेन्सिलीची नोंद आहे. ती करायला बिचकू नये आणि ती तशीच ठेवूही नये.

हे खानदेशासाठी वेगळं लिहावं लागलं, त्याला कारणं आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर आणि धुळ्याची साडेवीस लाखांच्या आसपास होती. एकीकडे १५ तालुके, दुसरीकडे ४. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. खानदेशात एकही नाही. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ मध्ये सुरू झालेलं जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या ओपीडीत साक्रीच्या डोंगराळ पट्ट्यातून, शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्याच्या पायथ्यापासून, रावेर-मुक्ताईनगरच्या मध्य प्रदेशाला लागलेल्या गावांतून माणसं येतात. एका खेपेला एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्या माणसाचा दिवस, एवढा खर्च होतो. 'परत या, मग बघू' हे शब्द इथे स्वस्त नाहीत. पहिल्या भेटीत जे विचारलं आणि लिहिलं, तेच कित्येकदा सहा महिने पुरवून वापरावं लागतं.

शिवाय रुग्ण थेट मनोविकारतज्ज्ञाकडे येतच नाही. छातीत धडधड होते म्हणून आधी गावातल्या डॉक्टरकडे जाऊन सलाईन होतं, मग तालुक्याला ईसीजी, मग जळगावला किंवा धुळ्याला एखाद्या फिजिशियनकडे टूडी इको. मधे भगताकडे जाऊन होतं, एखादा नवस बोलून होतो. मनाच्या ओपीडीत तो पोचतो तेव्हा हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत सात-आठ डॉक्टरांचे कागद असतात. कामासाठी सुरतला गेलेल्या खानदेशी माणसांची संख्या मोठी आहे. त्यांच्या पिशवीत उधना-लिंबायतकडच्या दवाखान्याची गुजराती चिठ्ठी निघते. रावेरकडच्या माणसाजवळ बऱ्हाणपूरचा हिंदी कागद असतो. घरी बोलायची भाषा कोणाची अहिराणी, कोणाची लेवा बोली, कोणाची पावरी, कोणाची उर्दू. अशा ठिकाणी कोडची खरी किंमत कळते. एफ३१ लिहिलेलं असेल, तर सुरतच्या डॉक्टरला द्विध्रुवी आजार म्हणायचा होता हे धुळ्याच्या डॉक्टरला एका नजरेत कळतं, मग बाकीची चिठ्ठी कोणत्याही लिपीत असो. तिथे एफ३९ असेल आणि पुढे काही नसेल, तर मधली सगळी वर्षं त्या रुग्णाला पहिल्यापासून सांगावी लागतात.

आता कोडची घरं थोडी पाहू, कारण त्यांची गल्लत फार होते. आयसीडीची परंपरा एकोणिसाव्या शतकातल्या मृत्यूच्या कारणांच्या याद्यांपर्यंत मागे जाते; मनाच्या आजारांना तिच्यात स्वतंत्र प्रकरण मिळालं ते १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत. आपण सध्या प्रामुख्याने वापरतो ती दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. तिच्यात एफ३० ते एफ३९ हा पट्टा भावावस्थेच्या आजारांचा आहे. एफ३० म्हणजे उन्मादाचा एकच झटका, एफ३१ म्हणजे उन्माद आणि नैराश्य दोन्ही येणारा द्विध्रुवी आजार, एफ३२ म्हणजे नैराश्याचा एक कालखंड, एफ३३ म्हणजे तो पुन्हा पुन्हा येणं, एफ३४ म्हणजे वर्षानुवर्षं रेंगाळणारे सौम्य प्रकार, एफ३८ म्हणजे यांतल्या कशातच न बसणारे पण वर्णन करता येणारे प्रकार. एफ३९ सगळ्यांत शेवटी येतो, आणि बाकी कोणतीच संज्ञा लागू पडत नसेल तरच तो वापरावा, असं वर्गीकरणाच्या मार्गदर्शनातच बजावलेलं आहे.

दशांश चिन्हानंतरचे आठ आणि नऊ यांतला फरकही इथेच समजून घ्यावा. आठ असेल तर लिहिणाऱ्याला माहिती आहे, पण वर्गीकरणात त्या माहितीला वेगळं घर नाही. नऊ असेल तर माहितीच लिहिलेली नाही. म्हणून एफ३२.९ आणि एफ३९ ही एकाच अनिश्चिततेची दोन नावं नाहीत. माणूस नैराश्यात आहे हे पक्कं, पण ते सौम्य, मध्यम की तीव्र हे नोंदवलेलं नाही, तर एफ३२.९. नैराश्य की उन्माद, की दोन्हींची सरमिसळ, हेच ठरत नाही, तेव्हा एफ३९. दोन आठवडे झोप-भूक गेलेल्या, रडणाऱ्या, कशातच रस न उरलेल्या बाईच्या कागदावर एफ३९ लिहिणं म्हणजे हाती असलेली माहिती टाकून देणं आहे.

उलट बाजूनेही सांभाळायला हवं. प्रत्येक दुःख एफ३० ते एफ३९ मध्ये कोंबायचं नसतं. गारपिटीत केळीची बाग आडवी झाली आणि माणूस आठ दिवस जेवला नाही, तर त्याला धीर, मदत आणि नुकसानीचा पंचनामा लागतो. त्रास लांबला आणि कामकाज अडू लागलं तर एफ४३.२, म्हणजे समायोजनाचा विकार, हा कोड आहे. घरातलं माणूस गेल्याच्या दुःखासाठी झेड६३.४ आहे. नुसती लक्षणं दिसतात आणि आजार ठरत नाही, तेव्हा आर४५ मधले चिडचिड, उदासी, निरुत्साह यांचे कोड आहेत. मनाचा आजार असावा अशी शंका आहे आणि निरीक्षण चालू आहे, तर झेड०३.२ आहे. थायरॉईडमुळे किंवा मेंदूच्या इजेमुळे मूड बिघडला असेल तर एफ०६.३. एफ३९ पर्यंत पोचण्याआधी इतकी दारं ठोठावता येतात, हे फार थोड्या जणांना कोणी शिकवलेलं असतं.

मग एफ३९ कधी बरोबर? सोबत कोणीच आलेलं नाही आणि रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नाही, तेव्हा. दारूचा अंमल किंवा दारू सुटतानाचा त्रास चालू आहे आणि मूळ मूड कसा आहे ते कळत नाही, तेव्हा. पहिलाच झटका आहे, चिडचिड आणि उदासी दोन्ही एकदम दिसतात आणि आधीचा इतिहास सांगणारं कोणी नाही, तेव्हा. या जागा खऱ्या आहेत आणि त्यांना कोड लागतो. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेला याचा अनुभव आला. त्यांच्या डीएसएम-५ मध्ये, २०१३ साली, 'अनिर्दिष्ट मूड डिसऑर्डर' हा प्रकार काढून टाकला होता. त्यामुळे धड नैराश्य नाही आणि धड द्विध्रुवी नाही अशा रुग्णांनाही दोहोंपैकी एका बाजूला ढकलावं लागत होतं. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत तो प्रकार परत आणला गेला. 'अजून ठरलेलं नाही' म्हणायची जागा वर्गीकरणात नसेल, तर माणसं घाईने चुकीचं निदान लिहितात. द्विध्रुवी आजाराचं निदान घाईने चिकटलं तर ते आयुष्यभर सुटत नाही.

आता दोन नोंदी जवळून पाहू. उदाहरण कोणा एका माणसाचं नाही, रोज दिसणाऱ्या अनेकांवरून बेतलेलं आहे. पारोळा तालुक्यातला ४१ वर्षांचा कापूस उत्पादक, सोबत बायको. पहिली नोंद अशी:

'झोप नाही, घाबरल्यासारखं होतं, उदास. मूड डिसऑर्डर, एफ३९. एसिटालोप्राम १० मिग्रॅ, क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ. १५ दिवसांनी दाखवणे.'

यात खोटं काहीच नाही. तरी पुढच्या डॉक्टरला यातून हाती काहीच लागत नाही. तोच रुग्ण, तोच दिवस, दुसरी नोंद:

'तक्रार रुग्णाच्या शब्दांत: मना जीव घाबरस, कसामाच मन लागत नही, रातले झोप येत नही. मुदत पाच आठवडे. माहिती देणारी पत्नी, विश्वासार्ह, पण लग्नाला दोनच वर्षं. त्याआधीचं तिला ठाऊक नाही. रुग्ण सांगतो, तीन वर्षांपूर्वी दहा-बारा दिवस झोप लागत नव्हती पण थकवाही नव्हता, बोलणं वाढलं होतं, न विचारता ट्रॅक्टरचं बुकिंग केलं, नंतर भावाने रद्द केलं, उपचार नाहीत. दारू महिन्यातून एकदोनदा. मरणाचे विचार विचारले: येतात, योजना नाही, फवारणीचं औषध घरात आहे, पत्नीला ते शेजारी ठेवायला सांगितलं. टीएसएच पाठवलं. निदान तात्पुरतं: एफ३९. कारण, सध्याचा काळ नैराश्याचा, पण पूर्वीचा काळ उन्मादाचा होता का ते ठरायचं आहे. फक्त नैराश्याची गोळी आज सुरू केलेली नाही. पुढच्या भेटीला थोरल्या भावाला आणणे. आठवड्यात भेट, त्या दिवशी एफ३९ चा फेरविचार.'

ही नोंद लिहायला पाच-सहा मिनिटं जास्त गेली. पण आठवड्याने भाऊ आला आणि त्याने ते दिवस कसे होते ते सांगितलं, की कोणताही डॉक्टर, अगदी बदली होऊन काल रुजू झालेलाही, पाच मिनिटांत एफ३१.३ लिहू शकतो: द्विध्रुवी आजार, सध्या नैराश्याचा काळ. पहिल्या नोंदीवर चाललेल्या उपचारात नैराश्यविरोधी गोळी एकटीच सुरू राहिली असती. द्विध्रुवी आजारात अशा गोळीमुळे काही जणांचा मूड उन्मादाकडे उसळतो. घरच्यांना वाटतं माणूस बरा झाला, कामाला लागला. आणि मग एक दिवस तो शेत गहाण टाकून येतो.

औषधाच्या पुढच्या वाटचालीतही कागदाचं काम संपत नाही. लिथियम हे द्विध्रुवी आजारातलं जुनं आणि फार उपयोगी औषध आहे, पण रक्तातली त्याची पातळी साधारण ०.६ ते १.० या अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते. शरीरातलं पाणी आणि मीठ घटलं की ती पातळी चढते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात शेतात राबणाऱ्या, घाम गाळणाऱ्या माणसाने अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक घेतलं, तर धोका आणखी वाढतो. हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं ही विषबाधेची लक्षणं उष्माघात समजून सलाईन लावून घरी पाठवली जाऊ शकतात. ज्या कागदावर निदान, लिथियमचा डोस, शेवटच्या तपासणीची तारीख आणि 'उन्हाळ्यात पाणी, मीठ आणि वेदनाशामकांबाबत सूचना दिली' ही ओळ आहे, तो कागद तालुक्याच्या कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता जीव वाचवू शकतो.

याहून गंभीर जागा म्हणजे विष घेतलेला रुग्ण. दाखल करताना एमएलसी होते, पोट धुतलं जातं, अ‍ॅट्रोपिन चालू होतं, आणि माणूस वाचला तर डिस्चार्ज कार्डावर टी६० येतो: कीटकनाशकाची विषबाधा. ती स्वतःहून घेतली असेल तर एक्स६८ हा जोडकोड आहे. पण ती का घेतली, याची एक ओळही बहुतेक कार्डांवर नसते. मनाच्या डॉक्टरांनी दोन दिवसांत तपासलं, तिसऱ्या दिवशी सुट्टी झाली, निदानाला वेळच मिळाला नाही, अशा वेळी तात्पुरता एफ३९ आणि पुढच्या भेटीची तारीख यांना मोठा अर्थ आहे. तो कोड नसेल, तर तो माणूस मानसिक आरोग्याच्या कोणत्याच रजिस्टरमध्ये येत नाही आणि त्याला कोणी फोनही करत नाही. पोलिसांची भीती हे न लिहिण्याचं एक कारण होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ ने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतल्या कलम ३०९ सारखं सरसकट शिक्षेचं कलम राहिलेलं नाही. लिहायला घाबरावं असं आता कारण उरलेलं नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी काही गोष्टी नोंद करणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असाव्यात. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्याच कलम ३ नुसार मानसिक आजार ठरवायचा तो राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्य वैद्यकीय निकषांवर, आणि त्यांत आयसीडीचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कलमात असंही आहे, की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो विकल मनाचा ठरत नाही. ते फक्त न्यायालय ठरवू शकतं. भाऊबंदकीच्या वादात 'याच्या डोक्यावर परिणाम आहे, हे बघा दवाखान्याचे कागद' म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे उत्तर आहे. कलम २१ नुसार विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तशी सूचना केली. पण दावा मंजूर होतो तो डिस्चार्ज कार्डावरच्या मजकुरावर. नुसतं 'मूड डिसऑर्डर' आणि मुदत, लक्षणं, तपासण्या काहीच नाही, अशा कार्डावर टीपीएची विचारणा येते आणि घरचा माणूस त्या विचारणेचा कागद घेऊन पुन्हा दवाखान्याच्या खिडकीशी उभा राहतो.

अपंगत्वाच्या दाखल्याचंही तसंच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे आणि तपासणी आयडिआज नावाच्या भारतीय मापनपद्धतीने होते. स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि समज, काम या चार बाबींना गुण असतात, आणि आजाराला किती वर्षं झाली यालाही गुण असतात. पंधरा वर्षं आजारी असलेल्या माणसाच्या पिशवीत पहिल्या भेटीची तारीख दाखवणारा एकही कागद निघाला नाही, तर बोर्डापुढे ती वर्षं सिद्ध कशी करायची? चाळीस टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या माणसाला यामुळे सवलती मिळतात किंवा हुकतात.

इतकं असूनही अनेक डॉक्टर मुद्दाम मोघम लिहितात, आणि त्यामागे चांगुलपणाच असतो. मुलीचे आई-वडील म्हणतात, 'साहेब, लग्नाचं बघतोय, कागदावर काही येऊ देऊ नका.' नोकरीवर असलेला मुलगा म्हणतो, 'नुसतं अशक्तपणा लिहा.' या विनंतीमागची भीती खरी आहे. गाव लहान असतं; केस पेपर काढणारा, इंजेक्शन देणारी, मेडिकलवाला, सगळे कोणाच्या ना कोणाच्या नात्यातले असतात. पण त्या भीतीला उत्तर मोघम निदान हे नाही. उत्तर गोपनीयता हे आहे, आणि तो मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला दिलेला हक्क आहे. मानसिक आजाराचं रजिस्टर उघड्या टेबलावर न ठेवणं, 'मानसिकचा पेशंट कोण?' अशी हाक न मारणं, मोबाईलवर कागदाचा फोटो ग्रुपमध्ये न टाकणं, नातेवाइकाला माहिती देण्याआधी रुग्णाला विचारणं, या गोष्टी पाळल्या तर नेमकं लिहिता येतं. 'अशक्तपणा' लिहून वाचवलेल्या मुलीला बाळंतपणानंतर पुन्हा त्रास झाला, तर सासरच्या गावातल्या डॉक्टरला तिच्या आधीच्या झटक्याचा पत्ता लागत नाही. बाळंतपणानंतरचा काळ द्विध्रुवी आजारात सर्वांत जोखमीचा असतो. आपण तिचं लग्न जपतो आणि तिचा जीव उघड्यावर टाकतो.

एका माणसाच्या कागदांची बेरीज म्हणजे जिल्ह्याचा कागद. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये निम्हान्सच्या पुढाकाराने १२ राज्यांत झालं. त्यात गुजरात होतं, मध्य प्रदेश होतं, महाराष्ट्र नव्हता. देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी मानसिक आजार होता, आणि उपचाराविना राहणाऱ्यांचं प्रमाण आजारानुसार साधारण ७० ते ९२ टक्के होतं, असं ते सांगतं. खानदेशाचं स्वतःचं चित्र त्यात नाही. ते कुठे सापडणार, तर आपल्याच ओपीडी रजिस्टरांत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या महिन्याच्या अहवालात सगळेच 'मूड डिसऑर्डर' या एका रकान्यात असतील, तर लिथियम किती लागेल, पातळी तपासायची सोय कोणत्या ठिकाणी हवी, बाळंतिणींसाठी वेगळी व्यवस्था लागेल का, यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. आशाताई घरोघरी जाऊन सीबॅक फॉर्ममध्ये उदासीचे आणि रस हरवल्याचे दोन प्रश्न विचारतात. त्यांच्या त्या विचारण्याचं पुढे काय झालं, हे त्यांना कळण्याचा मार्गही या नोंदींतूनच जातो.

मेडिकल कोडिंग हा आपल्याकडच्या तरुणांना अपरिचित विषय राहिलेला नाही. बी.एस्सी., बी.फार्म., बी.ए.एम.एस. झालेली मुलं-मुली कोडिंगचं प्रशिक्षण घेऊन पुण्या-हैदराबादला अमेरिकन दवाखान्यांचे कागद वाचतात. 'डिप्रेशन' एवढंच लिहिलेल्या कागदांसाठी तिकडे ऑक्टोबर २०२१ पासून एफ३२.ए हा वेगळा कोड आला, हे त्यांना ठाऊक असतं. त्या कामाचा एक कडक नियम आहे, तो आपण जसाच्या तसा घ्यावा: डॉक्टरने लिहिलेलं नाही ते कोडरने ताडायचं नाही. लिथियम दिसलं म्हणून एफ३१ लावायचा नाही. डॉक्टरला लेखी विचारायचं. आपल्या दवाखान्यांत रेकॉर्ड सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला डॉक्टरला असा प्रश्न विचारायची मुभा आणि मान दोन्ही मिळाले पाहिजेत. तो प्रश्न विचारणारा माणूस उपचाराचाच भाग आहे.

पुढच्या प्रकरणांची मांडणी कामाच्या क्रमाने केली आहे. आधी रुग्णाची तक्रार त्याच्या बोलीत कशी टिपायची, मग मुदत, पूर्वीचे झटके, व्यसन, शारीरिक आजार आणि मरणाचे विचार हे पाच प्रश्न कोणत्याही गर्दीत कसे चुकवायचे नाहीत, मग कोडची निवड, मग तात्पुरत्या निदानाचा फेरविचार, मग डिस्चार्ज कार्ड, दाखले आणि विमा, शेवटी गोपनीयता. आयसीडी-११ ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे आणि आज ना उद्या आपल्या संगणकांवरही येईल. तिच्यात अनिर्दिष्ट मूड डिसऑर्डरचा कोड ६ए८झेड असा आहे, आणि नैराश्य-चिंता एकत्र असलेल्या अवस्थेला मूडच्या गटातच ६ए७३ ही जागा मिळाली आहे. कोड बदलले तरी त्यांच्या मागची शिस्त बदलत नाही, म्हणून पुस्तिकेचा भर पाठांतरावर नाही.

वाचकांकडून मागणं एकच आहे. ही पुस्तिका कपाटात न ठेवता ओपीडीच्या टेबलावर ठेवावी, आणि महिन्यातून एक दुपार काढून रजिस्टरमधल्या सगळ्या एफ३९ च्या नोंदी एकत्र बसून वाचाव्यात: डॉक्टर, समुपदेशक, परिचारिका, रेकॉर्ड सांभाळणारा, सगळ्यांनी. कोणाचं निदान ठरलं, कोणाचं बदललं, कोण परतच आलं नाही, हे प्रत्येक नावापुढे लिहावं. जे आले नाहीत त्यांच्या गावच्या आशाताईंना, रुग्णाची गोपनीयता सांभाळून, त्याच आठवड्यात निरोप द्यावा. निदान ठरायला दोन भेटी लागोत की चार, तोवर तो माणूस आपल्या हातून सुटता कामा नये.